एका प्रथिनाची दोन नावे

काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, तापते आणि ठणकू लागते. ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेविली आहेत; वैद्यक त्यांना दाह म्हणते. परंतु बोटाला झालेल्या इजेची वर्दी रक्तातील पांढऱ्या पेशींना देतो कोण, हे कळावयास विसावे शतक निम्म्याहून अधिक सरावे लागले. असे निरोप नेणारी अनेक प्रथिने आता ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाचा इतिहास विलक्षण आहे. ते दोनदा सापडले, आणि दोन्ही वेळा त्याला मिळालेले नाव शोधकाच्या दृष्टीस जे पडले त्याचे होते, प्रथिनाच्या खऱ्या कामाचे नव्हे.

पहिल्या शोधाचे मूळ न्यूयॉर्कमध्ये आहे. १८९१ च्या जानेवारीत विल्यम कोली या तरुण शल्यवैद्याची सतरा वर्षांची एक रुग्ण हाडाच्या कर्करोगाने दगावली. हात कापूनही उपयोग झाला नव्हता. खिन्न झालेल्या कोलीने रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळली, तेव्हा एका जर्मन स्थलांतरिताची नोंद त्याच्या हाती लागली. त्या माणसाच्या मानेवरचे अर्बुद वारंवार कापूनही पुन्हा वाढे. पुढे त्याला धावरे झाले, ताप भडकला, आणि गाठ विरघळून गेली. कोलीने गरीब वस्त्या पालथ्या घालून त्याला हुडकून काढले. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता. मग कोली धावऱ्याचे जंतूच रुग्णांना टोचू लागला, आणि पुढे मारलेल्या जंतूंचे मिश्रण. काही रुग्ण खरोखर बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत. आणि असे का, हे त्याला सांगता येईना. क्ष-किरणांचे उपचार आले तसे त्याचे औषध मागे पडले. १९३६ साली तो वारला.

त्याची कन्या हेलन कोली नॉट्स हिने वडिलांची कागदपत्रे चिकाटीने जुळविली नसती, तर हा अध्याय तेथेच संपता. न्यूयॉर्कमधील स्लोन-केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड यांनी तो धागा उचलला. १९७५ साली त्यांनी व एलिझाबेथ कार्सवेल आदी सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, उंदरांना आधी बी. सी. जी. आणि नंतर जंतूंचे विष टोचले असता त्यांच्या रक्तजलात अर्बुदाला मारणारे द्रव्य उतरते. त्याला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, संक्षेपाने टी. एन. एफ., असे नाव पडले.

शेजारच्याच रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांच्यासमोर अगदी वेगळे कोडे होते. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या परजीवींनी ग्रासलेली जनावरे हाडांचा सापळा होऊन मरत, आणि ससे झिजत चालले तरी त्यांच्या रक्तात मेद मात्र साठलेला असे. झिजविणाऱ्या या अज्ञात द्रव्याला सेरामींनी ‘कॅकेक्टिन’ म्हटले. १९८५ साली ब्रूस ब्यूटलर यांच्यासह ते शुद्ध करून त्याची रचना ताडून पाहतात तो काय, ते ओल्ड यांचेच प्रथिन! एका घरी ज्याला तारणहार म्हणून पूजिले, तोच शेजारच्या घरी मारेकरी ठरला होता.

पुढील काही वर्षे निराशेची गेली. कर्करोगाच्या रुग्णांना टी. एन. एफ. दिले तेव्हा ताप चढला, रक्तदाब कोसळला, गाठी बहुधा तशाच राहिल्या. उलट, त्याला अडविणारे प्रतिद्रव्य आधीच टोचलेले उंदीर आणि बबून माकडे जंतुदोषाच्या घातक धक्क्यातून वाचली. पण माणसांवरील चाचण्यांत ते यश आले नाही. रुग्ण रुग्णालयात पोहोचेपर्यंत प्रथिनाचा लोंढा ओसरून गेलेला असतो.

यश आले ते लंडनमध्ये, आणि तेही सांधे सुजवून वेडेवाकडे करणाऱ्या चिवट आमवातात. केनेडी संस्थेतील मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी हा मार्ग धरला. दाहाचे निरोपे अनेक असताना एकालाच रोखून काय साधणार, असा बहुतेकांचा आक्षेप होता, आणि तो अवाजवीही नव्हता. परंतु १९८९ साली सांध्यांतून काढलेल्या पेशींवरील प्रयोगात दिसले की, टी. एन. एफ. अडविले की इंटरल्यूकिन-१ हे दुसरे दाहकारक प्रथिनही घटते. १९९२ साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांना प्रतिद्रव्य देण्यास आरंभ झाला. वर्षानुवर्षे आखडलेली माणसे थोड्याच दिवसांत जिना चढू लागली. काही महिन्यांनी आजार परते, म्हणून औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागे. १९९८ पासून या वर्गातील औषधे अमेरिकेत मान्यता पावू लागली.

प्रथिनाचे मूळचे काम मात्र ते थोपविल्यावरच नीट उमगले. यांपैकी एक औषध घेणाऱ्यांमध्ये क्षयरोगाचे सत्तर रुग्ण आढळल्याचे वृत्त २००१ साली प्रसिद्ध झाले; अनेकांचा रोग फुप्फुसांबाहेरही पसरलेला होता. क्षयाचे जंतू शरीरात पुष्कळदा वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून असतात. त्यांच्याभोवती पेशींची भिंत उभी ठेवण्याचे काम टी. एन. एफ. करते, पहारा उठला की कोंडलेला शत्रू मोकळा होतो. झिजण्याला आपल्या भाषेत क्षय म्हणतात आणि त्या रोगालाही क्षयच. सेरामींनी झिजेवरून ज्याचे नामकरण केले, ते प्रथिन दुसऱ्या अर्थाच्या क्षयापासून माणसाला राखीत होते.

म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करावी लागते, छातीचे क्ष-किरण चित्र काढावे लागते, आणि निद्रिस्त क्षय आढळल्यास आधी त्यावरील गोळ्या सुरू कराव्या लागतात. जगात सर्वाधिक क्षयरोगी भारतात आहेत. येथे सांधे धरलेल्या माणसाला पहिले इंजेक्शन मिळण्यापूर्वी त्याच्या फुप्फुसांची चौकशी होते, ती याच कारणाने.