किती कापावे, कोठे थांबावे?

कापूस वेचणाऱ्या एका बाईंनी छातीतील गाठ आठ महिने लपवून ठेवली होती. त्या आमच्या संघटनेतल्या. विचारले तेव्हा म्हणाल्या, "गाठीला मी भेत नाही, भाऊ. दाखवली की छातीच काढून टाकतात, त्याला भेते." ही भीती अडाणीपणाची, असे आम्ही म्हणणार नाही. एके काळी वैद्यकशास्त्राचेच तसे सांगणे होते. तो इतिहास टेंभुर्णीच्या श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, चळवळीतले कार्यकर्ते. जे कळले ते वाचून आणि विचारून.

अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद हॉलस्टेड यांनी १८९४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील गाठी, सारे एकदम काढावयाचे. रोग आसपास पसरत जातो, म्हणून जितके अधिक कापावे तितके बरे, असा हिशोब. पाऊणशे वर्षे जगभर हाच हिशोब चालला.

दरम्यान प्रयोगशाळेत दुसरी वाट तयार होत होती. १८९१ साली हॉलस्टेड यांचेच सहकारी वेल्च यांनी काढलेला तुकडा गोठवून त्याचा पातळ काप तपासण्याचा प्रयत्न केला. पण काप तयार होईतो शस्त्रक्रिया आटोपली होती. १९०५ च्या जानेवारीत मेयो क्लिनिकमध्ये विल्सन यांनी तुकडा खिडकीबाहेरच्या कडाक्याच्या थंडीत गोठवला, कापाला रंग दिला आणि काही मिनिटांत तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचून दाखवला. तेव्हा प्रश्न एवढाच होता की, गाठ कर्करोगाची आहे की नाही. कडेचा प्रश्न पुढे आला.

तो आणला दोन मोठ्या चाचण्यांनी. मिलानमध्ये १९७३ पासून व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत १९७६ पासून फिशर यांनी लहान गाठींच्या स्त्रियांत दोन्ही उपचारांची तुलना केली. वीस वर्षांनी, २००२ साली, निष्कर्ष आला : स्तन राखला म्हणून आयुष्य घटले नाही. मात्र अट होती. फिशर यांच्या चाचणीत काढलेल्या भागाची कड कर्करोगमुक्त असावी लागे. शिवाय किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांत त्याच स्तनात रोग उलटला. न घेतलेल्यांत ३९ टक्के.

कड तपासतात कशी? काढलेल्या गोळ्याला बाहेरून शाई लावतात आणि मग त्याचे काप करतात. शाईला कर्करोगाच्या पेशी भिडलेल्या दिसल्या, तर आत काही राहिले असण्याचा संभव. मग आणखी कापणे आले. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवलेला काप पाहता येतो, परंतु स्तनात चरबी फार असल्याने तो नीट गोठत नाही. पक्का निकाल काही दिवसांनी मिळतो. पुढे पसरू लागलेल्या कर्करोगात किरणोपचार होणार असतील, तर शाईवर पेशी नसणे पुरेसे, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१४ साली ठरवले. कड मैलभर रुंद नको, स्वच्छ हवी.

हे आपल्याकडेही घडले. मुंबईच्या गिरणगावात, परळला, १९४१ साली टाटा रुग्णालय उघडले. तेथे १९८० ते २००० या काळात स्तन राखून उपचार झालेल्या १,०२२ स्त्रियांचा अभ्यास डॉ. केतायून दिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केला. म्हणजे ही गोष्ट केवळ परदेशची नव्हे.

वेचलेल्या कापसाचे वजन मजुराच्या डोळ्यांदेखत व्हावे, असा आमचा आग्रह असतो. कड तपासणे हे तसेच वजन आहे. शल्यविशारदाचा हात कितीही कुशल असो, काटा वेगळ्याने पाहावा. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियागृहाइतकाच सूक्ष्मदर्शकापाशी बसणारा माणूस महत्त्वाचा, आणि किरणोपचाराचे यंत्र त्याहून कमी नाही. ही तिन्ही जेथे नाहीत, तेथे गरीब बाईचा स्तन रोगामुळे नव्हे, सोयीअभावी जातो. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. आपली वाट पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही.

प्रत्येकीचा स्तन राखता येईलच असे नाही. गाठ मोठी झाली की वाट अरुंद होते. त्या बाईंचे तेच झाले. आज त्या बऱ्या आहेत, पण आठ महिन्यांची किंमत त्यांनी मोजली. आपल्या घरातील बाईने गाठ सांगितली, तर तिला लगेच घेऊन जा. आणि शस्त्रक्रियेनंतर एक प्रश्न न संकोचता विचारा : कड स्वच्छ आली काय?