मायबाख : संकल्पनेतून रस्त्यावर
अतिश्रीमंतांच्या मोटारींच्या बाजारात रोल्स-रॉईस व बेंटले या ब्रिटिश नावांना शह देण्यासाठी मर्सिडीज-बेंझने १९९७ च्या टोकियो मोटार प्रदर्शनात ‘मायबाख’ ही संकल्पना-मोटार मांडली. नाव मात्र जुने होते. झेपेलिन हवाईजहाजांसाठी इंजिने बनविणाऱ्या कार्ल मायबाख यांच्या कारखान्यातून १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत अशाच आलिशान मोटारी बाहेर पडत.

संकल्पना-मोटारी बहुधा प्रदर्शनापुरत्याच उरतात. ही २००२ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनात आली. ‘५७’ आणि ‘६२’ ही नावे म्हणजे तिची डेसिमीटरमधील लांबी. बारा सिलिंडरांचे साडेपाच लिटरचे इंजिन ५५० अश्वशक्ती देई. अनावरणासाठी ‘६२’ काचेच्या पेटीत घालून ‘क्वीन एलिझाबेथ २’ जहाजाने न्यूयॉर्कला नेण्यात आली. थाट असा, पण गिऱ्हाईक बेताचेच! दहा वर्षांत जेमतेम तीन हजार मोटारी खपल्या. वैभव सारे मागच्या आसनावर. बाहेरून मात्र ती मर्सिडीजचीच थोरली बहीण भासे.

२०१२ अखेरीस उत्पादन थांबले. २०१४ मध्ये हे नाव परतले, ते मर्सिडीजच्याच एस-क्लासला जोडून. पुण्याजवळील चाकणमध्ये जुळणी झालेली अशी एस-क्लास २०२२ मध्ये भारतीय बाजारात आली.