जलगुणवत्ता-निरीक्षण : गोदावरीचे ऊर्ध्व खोरे

नदीखोऱ्यातील ओढे, उपनद्या, जलाशय, विहिरी व विंधनविहिरी यांच्या पाण्याचे भौतिक, रासायनिक व जैविक गुणधर्म मुक्रर ठिकाणी, ठरलेल्या कालावधीने व एकाच पद्धतीने तपासून त्यांची सलग नोंद ठेवण्याच्या कार्यास जलगुणवत्ता-निरीक्षण म्हणतात. पाणी आज पिण्याजोगे आहे की नाही, हे एका तपासणीनेही कळते. परंतु ते कोठे, केव्हापासून व कशामुळे बिघडत चालले, हे सांगण्यास वर्षानुवर्षांचे दप्तरच लागते.

भूरचना : त्र्यंबकेश्वराजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून १,४६५ किमी. वाहणाऱ्या गोदावरीचे खोरे ३,१२,८१२ चौ. किमी. असून त्याचा निम्म्याच्या जवळपास भाग महाराष्ट्रात मोडतो. उगमापासून पैठणच्या जायकवाडी जलाशयापर्यंतच्या टापूत तिला दारणा, कादवा व प्रवरा या नद्या मिळतात. येथील खडक बेसाल्टचा. वर मुरूम, मध्ये मांजऱ्या व खाली कठीण काळा पाषाण अशी थरांची ठेवण असल्यामुळे मुरलेले पाणी बहुतांशी वरच्या थरांतच साठते आणि पावसाळा सरल्यावर पाझरत ओढ्यांना येऊन मिळते. त्यामुळे हिवाळ्यात लहान ओढ्यांतून जे वाहते ते वस्तुतः भूजलच होय. आणि उलटपक्षी, ओढ्यात सोडलेले सांडपाणी, काठच्या विहिरींचा उपसा वाढताच, खडकातील भेगांवाटे त्या विहिरींत शिरते. या परस्परसंबंधाचे भान हाच निरीक्षणाचा खरा पाया आहे.

प्रवाहांची तपासणी : नमुन्याची ठिकाणे अशी निवडतात की वस्तीच्या वरचे, वस्तीतील व वस्तीखालचे पाणी ताडून पाहता यावे; नाशिकच्या संदर्भात गंगापूर धरण, रामकुंड व शहराखालचे पात्र ही त्याची स्वाभाविक उदाहरणे होत. विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना घेताना ३०० मिलिलिटरची काचेची बाटली हवेचा बुडबुडा न राहील अशी काठोकाठ भरून, तिच्यात मँगनीज सल्फेट व क्षारयुक्त आयोडाइड ही द्रावणे नदीकाठीच सोडतात. प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास तो पांढराच राहतो. दूषित जागी असा पांढरा साका पाहणाऱ्यास नदीचे दुखणे कळण्यास आकड्याची वाट पाहावी लागत नाही. जैवरासायनिक प्राणवायूची गरज भारतात २७° से. तापमानास तीन दिवसांनी मोजतात. स्नानयोग्य पाण्यात ती दर लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी व विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा दंडक आहे. शेवाळाने व्यापलेल्या पाण्यात प्राणवायू दुपारी वाढतो व पहाटे घटतो, सबब नमुन्याची वेळ नोंदणे अपरिहार्य ठरते.

भूजलाची तपासणी : वापरात नसलेल्या विंधनविहिरीच्या नळीत साचलेले पाणी खडकातील पाण्याची साक्ष देत नाही, म्हणून ते पुरेसे उपसून, विद्युत्‌वाहकता स्थिरावल्यावरच नमुना घेतात. निरीक्षण-विहिरींची पातळी महाराष्ट्रात जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर महिन्यांत मोजण्याचा प्रघात आहे, आणि पावसाळ्यापूर्वीच्या व नंतरच्या नमुन्यांची तुलना विशेष बोधप्रद असते. कालव्याखालील उसाच्या पट्ट्यात जमिनी चिबड होऊन विहिरींच्या पाण्यात क्षार वाढतात व खतांमुळे नायट्रेट उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिच्या अतिरेकाने तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होते.

व्यवस्था : १९६९ च्या राज्य कायद्यान्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले, १९७४ च्या केंद्रीय जलप्रदूषण कायद्याने या कामास अखिल भारतीय चौकट मिळाली. भूजलाचे काम प्रामुख्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. १९९५ पासून राबविलेल्या जलविज्ञान प्रकल्पाने मोजणीच्या पद्धतींत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला. गावपातळीवर जलसुरक्षक नमुने घेतो, आणि पाण्याच्या स्रोतांच्या व त्यांच्या परिसराच्या स्वच्छतेची पाहणी करून ग्रामपंचायतीस जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते.

महत्त्व : प्रवाहाचे दप्तर एका खात्यात व विहिरींचे दुसऱ्या खात्यात राहिले, तर दोन्ही बिनचूक असूनही खोऱ्याची प्रकृती कोणासच उमगत नाही. उपखोरे हा घटक धरून ओढ्याची व त्याच्या काठच्या विहिरींची आकडेवारी एकाच तक्त्यात मांडली, नमुन्यांची ठिकाणे व वेळा वारंवार बदलल्या नाहीत आणि निष्कर्ष ज्यांचे पाणी तपासले त्या गावकऱ्यांपर्यंत त्यांना समजेल अशा भाषेत पोहोचविले, तरच प्रदूषणाचे मूळ हुडकून त्यावर वेळीच इलाज करणे शक्य होते. कारण बिघडलेला ओढा सांडपाणी थांबताच काही पावसाळ्यांत सावरू शकतो, परंतु खडकात शिरलेले दूषित पाणी निवळण्यास पुष्कळदा त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.