उचल आणि बाईची वाट

खानदेशातून बाहेर पडणाऱ्या पुरुषाची वाट मराठी कादंबरीने केव्हाच आखून ठेवली आहे. १९६३ च्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्यास जातो, तेव्हा त्याचे गाव आडनावातूनच त्याच्यासोबत जाते. देह विकणाऱ्या स्त्रीला मात्र आपल्या साहित्यात वस्ती मिळाली, गाव क्वचितच मिळाले. (राजन गवस यांचे ‘चौंडकं’ हा एक ठळक अपवाद.) ‘गोलपिठा’ने आणि १९७८ च्या ‘बलुतं’ने कामाठीपुऱ्याचा परिसर मराठीत निर्भीडपणे आणला, पण तिथली बाई आपल्याला भेटते ती येऊन पोचलेली. तिचे गाडीभाडे कोणी भरले, कशाच्या बदल्यात भरले, हे अलीकडचे प्रश्न राहूनच जातात.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला ते सहज सुचावेत. चाळीसगावकडून ऊसतोडीला निघणारे जोडपे मुकादमाची उचल घेऊनच घराला कुलूप लावते. तमाशाच्या फडातही उचलीचा व्यवहार आहेच. वहीत ती आगाऊ मजुरी असते. प्रत्यक्षात ती फिटेपर्यंत माणसाला जागा सोडता येत नाही.

चिका उनिग्वे या नायजेरियन लेखिकेची ‘ऑन ब्लॅक सिस्टर्स स्ट्रीट’ आम्ही वाचली ती या शब्दाच्या आधाराने. २००७ मध्ये प्रथम डच भाषेत आलेल्या या कादंबरीतली सिसी पदवीधर आहे. लागोसमध्ये नोकरी मिळत नाही, म्हणून डेले नावाच्या दलालामार्फत ती बेल्जियममधील अँटवर्पला जाते. प्रवासाचा खर्च तिच्या नावावर चढतो आणि दरमहा हप्त्याने फेडावा लागतो. तिला कोणी बांधून नेलेले नाही. ती विचार करून जाते. कादंबरीचे बळ आम्हांला इथेच वाटते, कारण ‘बिचारी’ म्हणून तिला बाजूला सारता येत नाही.

घानाच्या अमा डार्को यांच्या ‘बियाँड द होरायझन’मधली मारा नवऱ्यामागे जर्मनीत जाते, तोच तिला या धंद्यात ढकलतो. तिच्या कमाईतून गावाकडे पैसा आणि वस्तू जात राहतात, ती मात्र परतत नाही. इथे किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) आठवल्यावाचून राहत नाही. तिथेही आजोबांचे घर नाचणाऱ्या मुलींच्या कमाईवर चालते. काळे यांनी वडिलांच्या जागी आईचे नाव लावले, ही मराठी आत्मकथनातली मोठी घटना होय. तरीही त्या पुस्तकात बोलतो तो मुलगा. मारा आपली कहाणी स्वतः सांगते.