पांजरपोळातून पडवीत



गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती, हप्ते जमा झाले होते, वहीवर सह्या चालल्या होत्या. तेवढ्यात गटातली एक वहिनी म्हणाली, "माझ्या भाचीचा फोन आला होता. एक विचारू का?" तिची भाची मुंबईत भटक्या जनावरांच्या एका निवाऱ्यात काम करते. तिथे पाच वर्षांची एक कुत्री होती. गावठीच, तांबूस रंगाची, स्वभावाने गाय. अंगावरची लूत औषधाने बरी झालेली, नसबंदी झालेली, लसही दिलेली. पण तिला फिट येतात. लहानपणी मोठं आजारपण झालं, त्याचं हे मागे राहिलं. सकाळ-संध्याकाळ गोळी द्यावी लागते. दोन कुटुंबं न्यायला म्हणून आली, फिटचं ऐकलं आणि परत गेली. "आत्तेला विचार, गावाकडे कोणी ठेवील का," असं भाचीने सांगितलं होतं.

आधी सगळ्या हसल्या. मग एक काकी म्हणाल्या, "मान्सांच्या गोल्यांना पैसं पुरत नाय, नि कुत्रीला कुठनं आनायचं?" दुसरी म्हणाली, "फिट येते म्हंजे पिसाळलेलीच ना गो ती?"

हे दोन्ही प्रश्न मला खरे वाटले. नुसतं 'भूतदया' म्हणून ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. मी शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे घरी आल्यावर पुस्तकं काढली. हेच दोन प्रश्न, पैशाचा आणि भीतीचा, मुंबई शहराने दोनशे वर्षांपूर्वीच विचारले होते. आज तेच तुम्हाला सांगते.

कुत्र्याचं आणि आपलं नातं जुनं, हे काही मी सांगायला नको. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराला सांगितलं, कुत्र्याला सोड आणि आत ये. तो म्हणाला, माझ्या आसऱ्याला आलेल्याला मी सोडणार नाही. मात्र त्या गोष्टीत तो कुत्रा शेवटी साक्षात धर्म निघाला. आपल्या दारातला कुत्रा कुत्राच निघतो, त्याला गोचीडही असतात. खरी परीक्षा तिथे असते.

आजारी जनावरांसाठी वेगळी जागा ठेवायची पद्धत गुजरातेत फार आधीपासून होती. राल्फ फिच नावाचा इंग्रज प्रवासी १५८० नंतरच्या वर्षांत हिंदुस्थानात फिरला. खंबायत शहरात लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी दवाखाने आहेत, असं त्याने आश्चर्याने लिहून ठेवलं आहे. लंगडे कुत्रे, बरं का. शिकारीचे नव्हेत, राखणीचेही नव्हेत. ज्यांचा कोणाला काही उपयोग नाही, असे.

आता मुंबईकडे येऊ. इंग्रजांच्या राज्यात मुंबई वाढली, तसे कुत्रेही वाढले. उन्हाळ्याच्या दिवसांत भटके कुत्रे मारायचे, असा नियम सरकारने १८१३ पासून केला होता. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलं. त्या काळी आठ आणे म्हणजे थोडी रक्कम नव्हे. मग काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. शिपाई भटका कोण आणि पाळीव कोण हे बघेनात. लोकांच्या ओट्यावरचे, दारातले कुत्रे ओढून मारले जाऊ लागले.

६ जून १८३२ या दिवशी लोक उठले. पारशी लोकांत कुत्र्याला मोठा मान असतो, आणि तो दिवसही त्यांच्या धर्मातला पवित्र दिवस होता. पण पारशी एकटे नव्हते. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यांच्याबरोबर होते. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. कुलाब्याच्या छावणीत गोऱ्या शिपायांना पाव, मांस, पाणी जायचं, तेही अडवलं. सैन्य आलं, धरपकड झाली, काही जणांना शिक्षा झाल्या. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि तिचं कारण कुत्रे. पुढे शहरातल्या वजनदार शेठ लोकांनी सरकारला अर्ज केला, आणि कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन ठेवायची तडजोड निघाली.

पण नेऊन ठेवायचे कुठे? घोषणा देणं सोपं, रोजचं खाणं घालणं अवघड. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि गुजराती शेठ मंडळींनी पैसा उभा केला आणि भुलेश्वरच्या बाजूला मुंबईचं पांजरपोळ सुरू झालं. आज पांजरपोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाई येतात. पण त्याचा उगम कुत्र्यांच्या या भांडणात आहे. खर्चाची सोयही त्यांनी व्यापाऱ्यासारखीच लावली. व्यापारातल्या मालावर थोडी थोडी लाग बसवायची आणि ती पांजरपोळाला द्यायची. एकट्याच्या खिशाला भार नको, सगळ्यांच्या थोड्या थोड्यातून मोठं काम. आपण गटात दुसरं काय करतो?

पांजरपोळात जीव वाचत होते, पण औषधपाणी नव्हतं. ती उणीव परळला भरून निघाली. गिरणीमालक दिनशा पेटिट यांनी मोठी देणगी दिली आणि त्यांच्या पत्नीच्या नावाने १८८३ च्या सुमारास जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ. ते आजही चालू आहे. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. आपल्या गावी म्हशीचं अडलं की जे डॉक्टर मोटारसायकलवरून येतात, त्यांच्या विद्येची आपल्या मुलखातली सुरुवात तिथली. आणि परळ म्हणजे कोण? आपलेच आजे-पणजे. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसं सगळ्यांत जास्त होती. लालबाग-परळच्या चाळींत आपली माणसं एका खोलीत दहा-दहा जण राहत होती, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कुत्र्या-मांजरांचं इस्पितळ होतं. त्यांना याचं काय वाटत असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. रागही आला असेल.

आता दुसरा प्रश्न, पिसाळण्याचा. या रोगावर इलाज नव्हता तेव्हा भीती बाळगण्याशिवाय माणसाच्या हातात काही नव्हतं. १८८५ च्या जुलैमध्ये एका आईने आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, जोसेफ माइस्टरला, पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे नेलं. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला खूप ठिकाणी फाडलं होतं. पाश्चर यांची नवी लस टोचली आणि मुलगा जगला. हिंदुस्थानात हे उपचार १९०० पासून कसौलीला मिळू लागले. तिथल्याच डेव्हिड सेंपल या डॉक्टरने मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात चौदा इंजेक्शनं म्हणतात ना, ती हीच. आपल्या आयांनी त्याची धास्ती घेतली होती. ती लस २००५ च्या आसपास बंद झाली. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं ठरलेल्या दिवशी घ्यायची असतात, आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. कुत्रं चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळं औषध टोचतात. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस हाती लागत नाही, म्हणून उद्यावर टाकायचं नाही.

आणि फिट? पिसाळलेला कुत्रा लक्षणं दिसल्यापासून थोड्याच दिवसांत मरतो. जी कुत्री फिट येऊन पुन्हा उठते, जेवते, वर्षानुवर्षं जगते आणि जिला दर वर्षी लस मिळते, तिची फिट म्हणजे माणसाला येते तशीच मिरगी. डॉक्टरांना विचारून हे मी पुढच्या बैठकीत सांगितलं तेव्हा ती दुसरी बाई म्हणाली, "मग माझ्या दिराला काय, लोक तसंच म्हनायचे." सगळ्या जरा गप्प झाल्या.

मधली शंभर वर्षं पटकन सांगते. मुंबईत पालिकेने कुत्रे मारणं चालूच ठेवलं होतं, ते १९९४ च्या सुमारास थांबलं. त्याआधी १९६० मध्ये जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. तो होण्यामागे एका बाईचा आग्रह होता, मद्रासच्या नृत्यांगना आणि राज्यसभेच्या खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल. २००१ मध्ये नियम आले की भटके कुत्रे मारायचे नाहीत, नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडायचे. तुम्ही एसटी स्टँडवर बघा, ज्याच्या कानाला छोटी खाच आहे त्याची नसबंदी झालेली असते.

आणि आमची बैठक झाली त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, दिल्लीतले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात टाका, असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम आला. अकरा दिवसांत तो बदलला. लस आणि नसबंदी करून सोडा, पिसाळलेले आणि अंगावर येणारे मात्र सोडू नका, असं ठरलं. ज्यांना कुत्रा घरी घ्यायचा आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करून घ्यावा, पण पुन्हा रस्त्यावर सोडू नये, हेही त्यात होतं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन इथले कुत्रे हलवायला सांगितलं. म्हणजे १८३२ चाच प्रश्न पुन्हा आला. नेऊन ठेवायचे कुठे? निवारा कितीही चांगला असला तरी तिथली जागा संपते. एक कुत्रा कोणाच्या तरी घरी गेला की दुसऱ्याला जागा होते. धडधाकट पिल्लं लवकर जातात. मागे राहतात ती म्हातारी, लंगडी, फिटवाली.

आमच्या कुत्रीचं सांगते. वाडीतल्या एका आजी एकट्या राहतात, मुलगे मुंबईला. त्या म्हणाल्या, "मी रोज दोन वेळा बीपीची गोळी घेतंय. तिची पन देईन." मी त्यांना तीन-तीनदा विचारलं, कारण गोळी मधेच बंद केली तर फिट जोराची येते. भाचीने काही लपवलं नाही, हे मला फार आवडलं. फिट कधी कधी आल्या त्याची वही, डॉक्टरांची चिठ्ठी, लसीचं कार्ड, सगळं पाठवलं. जमत नसेल तर परत पाठवा, असंही सांगितलं. गोळ्यांच्या खर्चाचा प्रश्न त्या पहिल्या काकींनीच सोडवला. बैठकीला उशिरा येणारीला आम्ही दंड करतो, तो दंड कुत्रीच्या गोळ्यांना द्यायचा, असा ठराव त्यांनी मांडला. एकीने लगेच विचारलं, "आनि सगल्या येलेवर आल्या तर?" तशी वेळ अजून आलेली नाही.

गणपतीला गावी येणाऱ्या एका गाडीतून ती आली. आजींनी तिचं नाव मुंबईकरीण ठेवलं. दिवसा ती अंगणात असते, रात्री मात्र पडवीत, दार लावून. आपल्याकडे बिबट्या कुत्र्यांसाठीच घराजवळ येतो, आणि फिट आलेली कुत्री पळू शकत नाही. दिवाळीत तिला एकदा फिट आली. शेजारचा मुलगा कांदा आणि चप्पल घेऊन धावला. आजींनी त्याला थांबवलं, जवळचा पाट आणि विळी बाजूला सारली, तोंडात हात घातला नाही, दिवा मालवला आणि घड्याळ बघत बसल्या. पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांना फोन करायचा, असं सांगून ठेवलेलं होतं. दोन मिनिटांत थांबली. मग त्यांनी ते वहीत लिहायला त्या मुलालाच लावलं, कारण आजींना लिहिता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी गेले होते. आजींच्या खिडकीत दोन डबे आहेत, एकाला लाल दोरा, एकाला पांढरा. लाल दोरा कुत्रीचा. भाकरीच्या तुकड्यात गोळी दाबत त्या म्हणाल्या, "हिच्यामुले माझी बी गोली चुकत नाय."