शेजारच्या भाषेतील आपली घरे

‘सध्या वाचावे असे काय आहे?’ हा प्रश्न एक वाचक दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्याला लांबलचक यादी नको असते. भरवशाची दोन-तीन नावे पुरेशी असतात. मराठी मुस्लिम वाचकाने मला असे विचारले तर मी तीन लेखिकांची नावे सांगेन : सारा अबूबकर, सलमा आणि बानू मुश्ताक. दोघी कन्नडमधल्या, एक तमिळमधली. तिघींना एका ओळीत मांडण्याचे कारण त्यांच्या कथांत जितके आहे, तितकेच त्यांच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे.

सारा अबूबकर यांचा जन्म १९३६ सालचा, कासरगोडचा. घरची भाषा मलयाळम, शाळा कन्नड. मुस्लिम मुलीने शाळेत जाणे हीच तेव्हा त्या भागात नवलाची गोष्ट होती. पुढे ‘चंद्रगिरिय तीरदल्ली’ ही त्यांची कादंबरी १९८१ साली ‘लंकेश पत्रिके’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. नादिराचा बाप जावयाशी बिनसल्यावर तिचा तलाक घडवून आणतो. नवरा-बायकोला पुन्हा एकत्र यायचे असते, पण आड येते ती हलालाची अट. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५ चा आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ साली. कायद्याच्या कितीतरी आधी कादंबरीने हा प्रश्न घराघरांत नेला होता.

बानू मुश्ताक यांचा जन्म १९४८ चा, हासनचा. घरात दखनी उर्दू. वडिलांनी आठव्या वर्षी त्यांना कन्नड माध्यमाच्या मिशनरी शाळेत घातले. सहा महिन्यांत कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे, अशी शाळेची अट होती. बानूंना ते काही दिवसांतच जमले. पुढे त्या बंडाय चळवळीत आल्या, ‘लंकेश पत्रिके’त पत्रकार झाल्या आणि नंतर वकिली करू लागल्या. मशिदीत स्त्रियांना प्रवेश असावा, असे म्हटल्याबद्दल २००० साली त्यांच्यावर तीन महिने सामाजिक बहिष्कार पडला. त्यांच्या एका कथेवरून गिरीश कासरवळ्ळी यांनी २००४ साली ‘हसीना’ हा चित्रपट केला. १९९० ते २०२३ या काळातील बारा कथांचा ‘हार्ट लॅम्प’ हा संग्रह दीपा भास्ती यांनी इंग्रजीत आणला आणि २०२५ साली त्याला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. कथासंग्रहाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

सलमा यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील तुवरंकुरिची या गावी १९६८ साली जन्मलेल्या या मुलीची शाळा तेराव्या वर्षी सुटली. वाचन मात्र सुटले नाही. लग्नानंतर त्या घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. ‘सलमा’ हे टोपणनाव, त्या लपण्यासाठीच घेतलेले. २००१ साली त्याच गावाच्या पंचायतीच्या त्या अध्यक्षा झाल्या आणि २००४ साली ‘इरंडाम जामंगळिन कदै’ ही कादंबरी आली. तिच्यात गावातल्या बायकांची बंद दारांमागची दुनिया आहे : त्यांची थट्टा, त्यांचे हेवेदावे आणि त्यांचे गप्प बसणे.

‘घरातली भांडणे चव्हाट्यावर कशाला?’ असे आपल्याकडेही विचारले जाते. हमीद दलवाईंनी ‘इंधन’ लिहिली १९६५ साली, मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले १९९० साली. हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. या लेखिकांचे उत्तर साधे आहे. त्या घराविरुद्ध लिहीत नाहीत, स्वयंपाकघरात बसून घराविषयी लिहितात. ‘हार्ट लॅम्प’च्या शीर्षककथेत मेहरून जीव द्यायला निघते आणि तिला थांबवते ती तिची मुलगी. घर वाचते ते घरातल्याच माणसामुळे.

घरात दखनी किंवा कोकणी आणि शाळेत मराठी, ही आपल्यापैकी अनेकांची वाट. म्हणून ही पुस्तके आपल्याला परकी वाटणार नाहीत. सुरुवात बानूंच्या एखाद्या कथेने करावी, मग साराबाईंची कादंबरी घ्यावी आणि सलमांचे मोठे पुस्तक सवडीने वाचावे. ज्या भाषेत हाती येतील त्या भाषेत वाचावीत. वाचून झाली की कपाटात ठेवू नयेत. घरात ज्या मुलीची शाळा लवकर सुटली असेल, तिच्या हाती द्यावीत.