तारूचं जंगल आणि कुमानोची वाट

जंगल पर्यटनाच्या जाहिरातींत हल्ली एक जपानी शब्द भेटतो: शिनरिन-योकु, म्हणजे वनस्नान. सावकाश चाला, फोन बंद ठेवा, झाडांमध्ये श्वास घ्या. शब्द एखाद्या जुन्या झेन मठातून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो १९८२ साली जपानच्या वनखात्याने प्रचारात आणला. लोकांनी जंगलात यावं, हा त्यामागचा हेतू.

खरी जुनी परंपरा वेगळीच आहे. जपानी गावाच्या शिंतो देवस्थानाभोवती राखलेली झाडी असते. तिला 'चिंजू नो मोरी' म्हणतात. आपली देवराईच म्हणा ना. १९०६ मध्ये मेइजी सरकारने छोटी देवस्थानं मोठ्यांत विलीन करायला घेतली. हजारो देवळं बंद पडली, त्यांच्या झाडीवर कुऱ्हाड चालली. मिनाकाता कुमागुसु हा निसर्गअभ्यासक याविरुद्ध उभा राहिला. १९१० मध्ये त्याला तुरुंगातही जावं लागलं. देऊळ गेलं की झाडी जाते आणि दोन्ही गेल्यावर गावाची एकी तुटते, असं तो सांगत होता. कुमानोच्या यात्रामार्गावर त्सुगिझाकुरापाशी जे प्रचंड सुगी वृक्ष आहेत, ते त्याच्या धडपडीमुळे वाचले. हा मार्ग २००४ मध्ये जागतिक वारसा ठरला. आज जगभरचे लोक तिथे शांतता शोधायला जातात.

आता माझ्या चंद्रपुरात या. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवावरून पडलं. तारू हा गावचा मुखिया होता, वाघाशी झुंजताना गेला, असं सांगतात. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे जत्रा भरायची. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पुढे बोटेझरी, जामणी, नवेगाव-रामदेगी ही कोअरमधली गावं बाहेर हलवली गेली. वाघांना जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण सफारीत जी शांतता आपण पैसे मोजून अनुभवतो, तिच्यात या उठलेल्या गावांचाही वाटा आहे. देव आत राहिला आणि त्याची माणसं गेटबाहेर.

दुसरी वाट शेजारच्या गडचिरोलीत दिसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही तिच्याकडे आला. तिथे जंगल राखणारे आणि जंगलात राहणारे एकच आहेत. मिनाकाता ज्यासाठी भांडला, ते याहून फार वेगळं नव्हतं.

म्हणून सावकाश प्रवास करायचाच असेल, महागड्या मुक्कामात राहायचं असेल, तरी जरूर या. फक्त पोचल्यावर वाघाच्या आधी एक गोष्ट विचारा: इथला देव कोणता, आणि त्याची माणसं आता कुठे राहतात?